मोकळ्या काचेतलं विमान

कपाट आवरताना दादाची टोपी हातात आली. तिला चिकटवलेले बारके दिवे पाहून नाशिक रोडच्या घरातली एक संध्याकाळ आठवली. दादा दुसऱ्या दिवशी एअरफोर्सच्या मेडिकलला निघणार होता आणि ती टोपी घालून लढाऊ विमानाचा गेम खेळत होता. मान वळवली की स्क्रीनवरचा कॅमेरा ते दिवे टिपायचा आणि कॉकपिटमधलं दृश्य वळायचं. गेममध्ये विमानाच्या बाहेरून बघणं त्याला चीटिंग वाटायचं. "दादा, उजवीकडून येतंय," मी म्हणालो. "चौकटीच्या आड असेल रे, या कॉकपिटची चौकटच जाड आहे." शत्रूचं विमान मोकळ्या काचेत लख्ख दिसत होतं. मी स्क्रीनवर बोट ठेवेपर्यंत दादाचं विमान पडलं होतं. "पत्रकवाले, तुम्हाला युद्धातलं काय कळतं?" तो हसला. युद्धाविरुद्धची पत्रकं मी आजही वाटतो. पण त्या संध्याकाळी, याचे डोळे उद्या पास होऊ देत, एवढंच मनात घोकत त्याच्या मागे उभा होतो.