धाकट्या जावेचे स्कॅनर

माझ्या धाकट्या जावेइतकं मराठीचं वाटोळं आमच्या राई गावात दुसऱ्या कुणी केलं नसेल, आणि वाटोळं करून एवढं प्रेमही दुसऱ्या कुणी मिळवलं नसेल. मी वीस वर्षं शाळेत मराठी शिकवतेय, पण माझा एक शब्द घरच्यांच्या तोंडी बसेल तर शपथ. ही मीरा रोडच्या कुठल्याशा ऑफिसात दिवसभर कागद स्कॅन करते आणि संध्याकाळी स्कॅनरचा नवा अर्थ घेऊन घरी येते. समोरच्या काकू येणाऱ्याजाणाऱ्याला चपलेपासून टिकलीपर्यंत न्याहाळतात, म्हणून त्या स्कॅनर. मुलगी बघायला आलेली मंडळी म्हणजे कलर स्कॅनर. माझा नवरा पेपरातली एकच बातमी तीनदा वाचतो, तर "दादांचा स्कॅनर अडकला." भाजीवालीकडच्या पैसे भरायच्या चौकोनालाही सगळं गाव स्कॅनर म्हणतं, त्यात हिचाच हात असावा असा मला दाट संशय आहे. सासूबाई मासळी घेताना कल्ले उचलून बघत होत्या, तेव्हा ही म्हणाली, "आईंचा स्कॅनर एक नंबर!" झालं. सासूबाई गावभर सांगत सुटल्या, "मी स्कॅनर हाय!" मी 'पारखी' हा सुरेख शब्द सुचवून पाहिला. "त्यो न्हाय बरा," म्हणाल्या.

गेल्या वर्षी सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला आणि वाचा गेली. मी रजा काढली, चित्रांची कार्डं घेऊन उशाशी बसले. आई, पाणी, भात. पंधरा दिवसांत एक अक्षर फुटलं नाही. सोळाव्या दिवशी धाकटी नवी साडी नेसून समोर उभी राहिली. सासूबाईंनी तिला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"काय आई, चालू झाला का?" तिने विचारलं.

सासूबाईंचे ओठ हलले. "स्कॅ... नर."

घरात सगळे रडले. मीही रडले, पण खरं सांगते, त्यातली अर्धी आसवं मत्सराची होती. दोन दिवस मी तिच्याशी धड बोलले नाही. ती मात्र कार्डं रचून माझ्या हातात देई. "ताई, शिकवायचं तुम्हीच. मला कुठे येतं?"

आठवड्याने, दुपारी मी आणि सासूबाई दोघीच घरात असताना त्या माझ्याकडे बघून स्पष्ट म्हणाल्या, "पानी." मी त्यांना चमच्याने पाणी पाजलं आणि फोन उचलला. नवऱ्याला करायचा, तो धाकटीला लावला.

"आई पाणी म्हणाल्या गं. मला."

पलीकडे ऑफिसातली यंत्रं घरघरत होती. आता ही काहीतरी बोलणार म्हणून मी थांबले. पण नुसते हुंदके ऐकू येत होते, आणि मलाही फोन ठेववेना.