पट्ट्याखालची बोटं

परळच्या इस्पितळात मेंदूचे फोटो काढणाऱ्या त्या बाई मला एकदाच भेटल्या. साध्या माणसाला पैशाचे व्यवहार कितपत कळतात, हे तिथे डोक्यात बघून तपासत होते. शिवडीच्या ज्या गोदामात मी कामाला होतो, तिथून मीही नाव दिलं. फॉर्मवर दहावी लिहिली. खरं तर शाळा पाचवीतच सुटली होती, आणि हे कळलं तर हाकलतील अशी धास्ती होती.

बाईंनी चादर घालून कडा खोचल्या, हात हलू नयेत म्हणून पट्टा बांधला आणि मला मशीनच्या बोगद्यात सरकवलं. कानात त्यांचा आवाज आला, "दादा, उत्तर मनात काढा. बोटांवर मोजू नका."

व्याजाची गणितं झाली. मशीन थांबलं, बाई आत आल्या.

"दादा, बोटांवर मोजू नका म्हटलं होतं ना?"

"नाही हो ताई, हललीच नाहीत."

त्यांनी चादर उचलून पट्टा तपासला. तो तसाच घट्ट होता.

"मग पडद्यावर मेंदूतली बोटांची जागा उजळली, तिथे कोण मोजतंय? पेरांवर मोजायला कुणी शिकवलं?"

"आईने. गावी, माझा हात हातात धरून, तिच्या खरबरीत अंगठ्याने." मग राहवलं नाही. "ताई, मी पाचवीच शिकलोय."

"बरं झालं बोललात. दहावीवाले ढिगाने आलेत." त्यांनी फॉर्मवर खाडाखोड केली आणि चादर पुन्हा खोचली. "मोजू द्या बोटांना."

त्यांचे उपकार मी विसरलो नाही. दुसऱ्या फेरीत मी डोळे मिटले. बोटं पट्ट्याखाली गार पडली होती, आणि एक खरबरीत अंगठा माझ्या पेरांवरून सावकाश फिरत होता.