माझ्या परवानगीची प्रार्थना

वडगावात आमच्या ख्रिस्ती मंडळीची पंचवीस-तीस घरं, बहुतेक सगळी हातमागवाल्यांची, आणि पाळक मी एकटा. देवळाचं कुलूप मी उघडायचं, घंटा मी वाजवायची, उपदेश मी करायचा, सासूसुनांचं भांडणही मीच मिटवायचं. लोक म्हणायचे, आप्पांशिवाय पान हलत न्हाय. ते ऐकायला मला लई गोड लागायचं, खोटं कशाला बोलू.

मग हिवतापानं मला महिनाभर अंथरुणाला खिळवलं आणि तेवढे दिवस मंडळीत एकही प्रार्थना झाली नाही. कॅम्पातले मिशनचे गोरे साहेब मला बघायला आले. म्हणाले, "एक माणूस पडला की सगळं बंद, हे बरं नाही. कामं वाटून द्या." साहेबांचा शब्द मोडवेना. आजाऱ्यांच्या घरची प्रार्थना मी एका विधवा बाईवर सोपवली. सगळे तिला आक्का म्हणत. वाचता येत होतं जेमतेम, दिवसभर लोकांच्या मागांसाठी सुताच्या कांड्या भरून पोट भरायची. हिला काय जमणार, पंधरा दिवसांत सगळे परत माझ्याच दारात येतील, असं मी मनात धरून होतो.

कुणीही आलं नाही.

मी प्रार्थनेला गेलो की आधी माग थांबवायला लावायचो. मागाच्या खड्ड्यातनं वर या, हात धुवा, डोळे मिटा. आक्का आजाऱ्याच्या उशाशी सूत गुंडाळायचा रहाट ओढून बसायची आणि त्याच घरच्या कांड्या भरता भरता त्याच्याशी बोलायची, तिथंच प्रार्थना करायची. माग चालूच. घरची माणसं विणता विणता आमेन म्हणायची, आणि ती उठून गेल्यावर टोपलीभर कांड्या तयार असायच्या. अशी बाई कुणाला नको असेल?

माझा नुसता तिळपापड व्हायचा. मागावरच्या धोट्याच्या खडखडाटात देवाला काय ऐकू जातं, असं मी चारचौघांत बोलून दाखवलं. लोक मान हलवायचे आणि बोलावणं तिलाच धाडायचे. शेवटी एका रविवारी उपासना झाल्यावर सगळ्यांसमोर मी तिला सांगितलं, "आक्का, ह्यापुढं कुणाच्याबी घरी जायच्या आधी मला इचारायचं. मंडळीला शिस्त पायजे."

"व्हय, आप्पा," ती म्हणाली. चेहऱ्यावर राग नाही, रुसवा नाही. त्यानं तर मी आणखीच जळलो.

ती रोज विचारायला येऊ लागली. मी मुद्दाम चहा सावकाश प्यायचो, मग हो म्हणायचो. कधी "तिथं मीच जातो" म्हणून तिला परत धाडायचो. त्या घरी मला घोंगडी अंथरायचे, चहा द्यायचे आणि विचारायचे, "आक्का बऱ्या हाइत न्हवं?" अंगाची लाही लाही व्हायची.

मंडळीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या विणकराला दम्यानं धरलं. त्याला बाप्तिस्मा मी दिलेला, त्याच्या पोरांची लग्नं मी लावलेली. एका दुपारी त्याचा श्वास लागला तशी त्याची सून आक्काकडे पळत गेली. आक्का हातातलं काम टाकून निघाली, ती आधी माझ्या घरी. मी खडेबाजारात चपला शिवून घ्यायला गेलो होतो, आणि तिथं एका ओळखीच्या वकिलाशी गप्पा मारत बसलो. तासा-दीड तासानं आलो तर ती माझ्या पायरीवर बसलेली. उठून म्हणाली, "आप्पा, म्हाताऱ्याचं लई जास्त झालंय. जाऊ का?"

आम्ही दोघंही धावत गेलो. घराजवळ पोचलो तेव्हा माग बंद होता. म्हातारा गेला होता.

त्याचा थोरला लेक भिंतीला टेकून बसला होता. माझ्याकडे न बघता तो आक्काला म्हणाला, "शेवटपत्तोर दाराकडंच बघत हुता. आक्का आल्या का, आक्का आल्या का, एवढंच."

आक्का म्हाताऱ्याच्या उशाशी बसली आणि रडू लागली. मी पाळक, मी पुढं होऊन दोन शब्द बोलायला हवे होते. पण त्या क्षणी, मेलेल्या माणसासमोर, माझ्या मनात पहिलं आलं ते हेच की ह्याला बाप्तिस्मा दिला मी, आणि ह्यानं शेवटच्या घटकेलाही एकदा माझं नाव घेतलं नाही.