रिबकाचे डोळे दुखायचे

रविवारी चर्चमधून आलं, जेवण झालं, की मी आतल्या खोलीत आडवा होतो. मे महिना आहे. पंखा फिरतोय, पण वारा सगळा भिंतीलाच लागतोय. डोळे मिटतात आणि पुन्हा उघडतात, कारण मनातून मार्थाबाईंची जागा जात नाही. तिसरा बाक, खिडकीकडची बाजू. आज सलग तिसऱ्या रविवारी ती रिकामी होती, आणि माझ्यामुळे होती.

झालं असं. आमच्या जालन्याच्या मंडळीत चर्चच्या व्हरांड्यात पुस्तकांचं एक टेबल असतं. ख्रिस्ती कुटुंबांना उपयोगी पडतील अशी पुस्तकं, अलीकडे प्रवचनांचे पेनड्राइव्हसुद्धा. तीस वर्षं ते माझ्या बायकोनं, रिबकानं सांभाळलं. आठ महिन्यांपूर्वी ती प्रभूकडे गेली आणि पंचांनी ते टेबल माझ्या गळ्यात घातलं. मी जिल्हा परिषदेतला निवृत्त कारकून. मी कपाट लावलं, विषयवार यादी केली आणि उपासनेच्या शेवटी, सूचना सांगायच्या वेळी, उभा राहून खणखणीत आवाजात वाचली. नवविवाहितांसाठी हे पुस्तक. घरी कुटुंब-उपासना कशी घ्यावी, त्यासाठी ते. मग वाचलं, 'ज्यांच्या मुलांनी मंडळीबाहेर लग्न केलं आहे अशा आईवडिलांसाठी एक अत्यंत उपयुक्त प्रवचन.'

आमची मंडळी साठ घरांची. त्यात असं घर एकच. सगळ्यांच्या माना एकदम तिसऱ्या बाकाकडे वळल्या. मार्थाबाई ओहोळांनी बायबल पिशवीत घातलं, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि त्या निघून गेल्या. मी मात्र पुढचा विषय वाचत राहिलो. मधुमेह असणाऱ्यांनी उपवास-प्रार्थना कशी करावी. त्या आठवणीनं अजून कानशिलं तापतात.

कुशीवर वळतो तर पलंगाच्या कडेला रिबका बसलेली आहे.

"उठू नका," ती म्हणते. "मी काय पाळकसाहेब आहे, मला बघून उभं राहायला?"

ती गेलेली आहे हे मला ठाऊक आहे. पण तिच्या तोंडावर ते बोलणं बरं दिसणार नाही, म्हणून मी पाय जरा आवरून घेतो आणि तिला जागा करून देतो.

"यादी वाचलीत म्हणे."

"तुला कुणी सांगितलं?"

"एवढ्या मोठ्यानं वाचलीत. तिकडं सगळ्यांनी ऐकली."

"मी चांगल्या मनानं केलं, रिबका."

"ते माहीत आहे हो. म्हणून तर आले."

ती उठते आणि व्हरांड्यात जाऊन टेबलामागे बसते. खोलीला भिंतच राहिलेली नाही. पलंगावरूनच मला चर्चची पायरी दिसते, पायरीवर चपलांचा ढीग दिसतो. एक बाई टेबलाजवळ येते. ओळखीची आहे, पण चेहरा नीट दिसत नाही. तिचा नवरा पितो, हे मात्र मला कळतं. रिबका डोळे चोळते आणि एक पुस्तक पुढं करते.

"एवढं वाचून सांगशील का गं, कसं आहे ते? माझे डोळे फार दुखतात."

बाई पुस्तक घेते आणि ताठ मानेनं पायरी उतरते.

"बघितलंत?" रिबका मला म्हणते. "ती स्वतःसाठी नाही घेऊन गेली. माझं काम करायला घेऊन गेली. कामाला जाणारं माणूस मान खाली घालत नाही."

"म्हणजे तू खोटं बोलायचीस? आणि तेही चर्चच्या व्हरांड्यात?"

"तिकडं गेल्यावर आधी तेच कबूल केलं. प्रभू रागावलेला दिसला नाही."

मला हसू येतं. पण हसता हसता माझ्या हातात एक पुस्तक आहे हे लक्षात येतं, आणि आम्ही जुन्या क्वार्टरच्या स्वयंपाकघरात आहोत. लाइट गेलेली आहे. कंदील आहे. माझे केस काळे आहेत, आणि आमचा धाकटा मुलगा जाऊन दोन महिने झालेले आहेत.

तो नऊ वर्षांचा होता. मेंदूज्वर. चार दिवसांत सगळं आटोपलं. त्यानंतर दीड वर्ष मी चर्चची पायरी चढलो नाही. कुणाशी भांडलो नाही. दर रविवारी नुसती सायकल पुसत बसायचो, ती झिजायची वेळ आली. रिबकानं एकदासुद्धा 'चला' म्हटलं नाही. फक्त रोज संध्याकाळी म्हणायची, डोळे दुखतात, जरा वाचून दाखवता का? आणि मी वाचायचो. मूल गमावलेल्या एका बापानं लिहिलेलं पुस्तक होतं. तिला धीर येतोय, म्हणून मी वाचत होतो. ते संपलं तेव्हा तिनं दुसरं काढलं.

मी कंदिलाच्या उजेडात तिच्याकडे बघतो.

"रिबका, त्या वर्षी वेदीच्या कापडावर भरतकाम कुणी केलं?"

"मीच की."

"सुईत दोरा ओवायला मला कधी बोलावलं नाहीस."

"नाही बोलावलं."

"म्हणजे तुझे डोळे—"

"चांगले होते," ती म्हणते. "चष्मा पंचावन्नाव्या वर्षी लागला. तुम्हीच आणायला आला होतात."

माझा स्वभाव तापट. एरवी अशा वेळी मी ताट सरकवून उठलो असतो. पण मला नुसतं रडू येतं, आणि ते अडवावंसंही वाटत नाही. इतक्या वर्षांनी कळतंय की त्या सगळ्या संध्याकाळी मी तिला सावरत नव्हतो.

"हे तू आज सांगतेस."

"विचारलंत कधी?"

ती एक परात माझ्यापुढं सरकवते. परातीत मटाराच्या शेंगा आहेत. ओटा बदललेला आहे, खिडकी बदललेली आहे. हे मार्थाबाईंचं घर. त्या पाठमोऱ्या उभ्या आहेत, आम्ही त्यांना दिसत नाही. ओट्यावर त्यांचा फोन उजळतो, थरथरतो आणि विझतो. लेकीचा आहे. त्या हात पुसतात, पण उचलत नाहीत.

"रोज येतो," रिबका हळू आवाजात सांगते. "आधी रविवारी चर्चमधून आल्यावर तेवढा उचलायच्या. प्रार्थनेनंतर मन जरा मऊ असतं ना. आता चर्चही बंद आणि तेही बंद."

माझा अंगठा शेंगेतच अडकून राहतो. एवढं मला माहीत नव्हतं.

"कुठलं पुस्तक नेऊन देऊ यांना?"

"एकही नको."

"ते प्रवचन खरंच चांगलं आहे गं."

"असेल. तुम्ही रिकाम्या हातानं जा. दीड वर्ष तुम्ही चर्चला आला नव्हतात, ते सांगा."

"ते सगळ्या मंडळीला ठाऊक आहे."

"ठाऊक आहे. पण तुमच्या तोंडून कुणी ऐकलंय? मी तरी ऐकलंय?"

मी शेंगा सोलत राहतो.

"आणि धाकटा, धाकटा करू नका. त्याचं नाव घेऊन सांगा."

मी तोंड उघडतो. "आमचा..." म्हणतो आणि पुढं जीभ उचलत नाही. तो गेला त्या दिवसापासून हे नाव मी उच्चारलेलं नाही. ना घरात, ना प्रार्थनेत.

"आपला काही या ओट्यापाशी यायचा नाही," रिबका म्हणते. "त्यांची लेक तासाभराच्या रस्त्यावर आहे."

मग मी ते विचारतो, जे तिला बघितल्यापासून विचारायचं होतं.

"तो कसा आहे?"

ती माझ्या हातातली शेंग काढून घेते आणि माझा हात आपल्या हातात धरते. तिचा हात ओला आणि गार आहे.

"नाव घेऊन विचारा," ती म्हणते. "मग सांगते."

मी सगळा जोर लावून तोंड उघडतो, आणि खोली परत येते. पंखा बंद आहे. लाइट गेली आहे. पाठ घामानं चिंब झाली आहे, आणि घड्याळात सव्वाचार वाजले आहेत. पलंगाच्या कडेला कुणी नाही. चादरीवर कुणी बसल्याची सुरकुतीही नाही.

तोंडावरचा घाम पुसायला हात वर नेतो तर हिरवा, कोवळा वास येतो. अंगठ्याच्या नखात हिरवं भरलेलं आहे. चिकट आहे, अजून ओलं आहे. मे महिन्यात जालन्याच्या बाजारात मटार नसतो. माझा तर डबाच येतो. स्वयंपाकघरात मी चहापुरता जातो.

मग रिकाम्या खोलीत मोठ्यानं म्हणतो, "योनाथान." पहिल्यांदा आवाज घोगरा येतो. दुसऱ्यांदा बरा येतो. तिसऱ्यांदा म्हणतो तेव्हा तो दारातून धावत आत येईल, असं क्षणभर खरंच वाटतं.

सदरा घालतो, चपला घालतो. ऊन अजून कडक आहे, रस्त्यावर कुणी नाही. मार्थाबाईंचं घर येईपर्यंत मी एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत जातो. मार्थाबाई, आमचा योनाथान गेला, तेव्हा मीसुद्धा दीड वर्ष आलो नव्हतो.