लासूरच्या मेडिकलमधली क्रीम

माझ्या सख्ख्या भावाविरुद्ध मी औषध निरीक्षकांकडे तक्रार दिली, तेव्हा घरच्यांना वाटलं, शहरात राहून माझं डोकं फिरलं. डोकं फिरलं नव्हतं. मला राग आला होता आणि तो अजून गेलेला नाही.

भावाचं लासूर स्टेशनला मेडिकल आहे. मी संभाजीनगरात एका प्रयोगशाळेत त्वचेवर संशोधन करते. कातडीतून किती पाणी उडून जातं ते मोजायचं, एवढंच आमचं काम. कातडीचा सगळ्यात वरचा थर कागदाहून पातळ असतो, पण पाणी आत आणि घाण बाहेर राखतो तोच. तो विरळ झाला की पाणी निसटतं, आग होते, साधं ऊन सोसवत नाही. स्टिरॉइडच्या क्रीमनं तो कसा विरळ होतो आणि क्रीम सोडल्यावर कितपत सावरतो, हे आम्ही बघत होतो.

तपासणीला आलेल्या बायकांत एक गंगापूर तालुक्यातली होती. घर मेंढरामागं हिंडणारं. वय तिशीच्या आत, दोन्ही गाल सोलल्यासारखे लाल आणि त्यावर केसांची लव. मी मोजणीच्या यंत्राचा प्रोब गालाला टेकवला, तर आकडा इतका चढला की यंत्र बिघडलं समजून मी तो स्वतःच्या हाताला लावून बघितला. यंत्र ठीक होतं.

"किती वर्षं लावताय?"

"लग्न ठरलं तवापासनं. चार वर्षं झाली असतील. उजळायला घेतली व्हती, ताई. आता उजळायचं गेलं बाजूला. दोन दिस नाय लावली तर तोंड भाजल्यावाणी व्हतंय. लावली की गार पडतं."

"कुणी लिहून दिली?"

"लिहून कोण देतंय? मेडिकलवाल्यानं दिली."

तिनं पिशवीतून क्रीमचं रिकामं खोकं काढून टेबलावर ठेवलं. त्यावर माझ्या भावाच्या दुकानाचा शिक्का होता. दुकान उघडलं तेव्हा तो शिक्का मीच करून आणला होता. खोकं मी ठेवून घेतलं, आकडा वहीत लिहिला आणि पुढच्या बाईला आत बोलावलं.

शेजारच्या खोलीतले एक सहकारी उंदरांच्या मेंदूवर काम करायचे, व्यसन कसं लागतं त्यावर. दुपारी डबा खाताना मी त्यांना सगळं सांगितलं. फक्त दुकान कुणाचं ते सांगितलं नाही.

"व्यसन म्हणू नका, मॅडम," ते म्हणाले. "मेंदूत काय बदललं ते बघितल्याशिवाय मी तो शब्द वापरणार नाही. लेकिन एक बात है. हमारे चूहे भी पहले मजे के वास्ते नशे की दांडी दबाते. बाद में मजा खतम, बस तकलीफ टालने के वास्ते दबाते. तुमच्या बाईचं तसंच दिसतंय. तिला मन आवरत नाही, असं कुणी म्हणालं तर त्याला माझ्याकडे पाठवा."

रविवारी सकाळी मी लासूरला गेले. भाऊ गल्ल्यावर होता, गालात तंबाखू. दोन गिऱ्हाईकं उभी होती. मी खोकं त्याच्यासमोर ठेवलं.

"ही तू चिठ्ठीशिवाय देतोस?"

"इथं चिठ्ठी कोण आणतं? शहरात राहून सगळं इसरलीस."

"तिला सोडता येत नाही म्हणून ती परत येते, दादा. तुला माहीत आहे का हे?"

"माहीत हाय. मग? मी नाय दिली तर समोरचा देईल."

लासूरपर्यंतच्या सगळ्या वाटेत मी त्याच्या बाजूनं एकच गोष्ट धरून ठेवली होती, की त्याला माहीत नसेल. तीही गेली.

"आणि तू कोण लई पुण्यवान?" तो पुढं म्हणाला. "तुमच्या तिथं उंदरांना टोचून टोचून चटक लावतात, मग मेंदू कापतात. तूच सांगितलं व्हतंस. ते शास्त्र, आन् मी केलं तर गुन्हा?"

"आम्ही परवानगी घेतो."

"उंदराला इचारून?"

गिऱ्हाईकं हसली. मी खोकं उचलून पिशवीत टाकलं. "मी तक्रार देणार आहे," मी म्हटलं.

"दे की. वर बापाच्या नावाची पाटी हाय, जाताना ती बी उतरव."

सोमवारी मी तक्रार दिली. तपासणी झाली, दुकान काही आठवडे बंद राहिलं. आईनं फोन करून एवढंच विचारलं, "तुला त्यातनं काय मिळालं?" आणि उत्तर न ऐकता ठेवून दिला.

इकडे त्या बाईनं आमच्या डॉक्टरांच्या सांगण्यावरून क्रीम सोडली. दुसऱ्या आठवड्यात तिचा फोन आला. "तुमचं मशीन घाला चुलीत! डोळं उघडंना. गालातनं पाणी गळतंय. सासू म्हणती, हिला कायतरी लागण झाली. तुम्ही सांगितलं म्हणून सोडली!"

त्रास होईल हे मी तिला सांगितलं होतं, पण बसची वेळ सांगावी तसं. तोंड सुजून डोळे मिटतील, घरचे ताट वेगळं काढतील, हे सांगितलं नव्हतं. ती बिथरेल आणि आमच्या नोंदीतून एक नाव कमी होईल, अशी मला भीती होती. ही चूक भावाची नव्हती.

डॉक्टरांनी दिलेलं औषध घेऊन मी तिच्या घरी गेले. सासूनं दारातच अडवलं. शेवटी ती बाईच पदरानं तोंड झाकून बाहेर आली, माझ्या हातातली पिशवी ओढून घेतली आणि आत गेली. पाणीसुद्धा कुणी विचारलं नाही.

पण तिनं परत क्रीम लावली नाही. सात महिन्यांनी शेवटच्या मोजणीला आली तेव्हा आकडा खूप उतरला होता, सगळा नाही. मी आनंदानं तिला दाखवायला गेले. तिनं वळूनही बघितलं नाही.

"झालं का मोजून?" ती म्हणाली. "आता परत बोलवू नका."

भावानं ती क्रीम ठेवायची बंद केली, असं कानावर आलं. गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जातं, हेही आलं. गेल्या वर्षी करमाडला नात्यातल्या लग्नात आम्ही समोरासमोर आलो. तो पंगतीत जिलेबी वाढत होता. माझ्या ताटाशी आला आणि पुढच्या ताटात वाढून निघून गेला. शेजारच्या बाईनं हाक मारली, "अहो, इकडं राहिलं!" तो थांबला नाही.

"राहू द्या," मी तिला म्हटलं आणि भात कालवायला घेतला.