चुलाणाचे गज

ते गुऱ्हाळाचं प्रकरण अजून मनातून जात नाही. मी तेव्हा साताऱ्याला महिला पोलीस शिपाई होते. बायकांची झडती असली की मला पाठवत.

तेल, कोळसा महागला होता. सरकार कारखान्यांना आणि गुऱ्हाळांनाही जळण वाचवा म्हणत होतं. उंब्रजकडच्या एका गुऱ्हाळाला सरकारी मदतीतून उसाचा रस आटवायचं सुधारलेलं चुलाण मिळालं. तळाला लोखंडी गजांची जाळी. खालून वारा लागे आणि थोड्या चिपाडांत काहील उकळे. आसपासचे गुऱ्हाळवाले ते बघायला येणार, त्याच्या आदल्या दिवशी गज चोरीला गेले.

चुलाण फक्त अमावस्येला थंड असतं, आणि तो दिवस अमावस्येचाच होता. एका गड्यानं फौजदारांना हळूच सांगितलं, "जाळ घालनाऱ्यालाच इचारा. त्येच्याबिगर कुनाला जमतंय?" फौजदारांनी त्या जळव्याला धरलं. मार खाऊनही तो एवढंच म्हणे, "सायेब, बायकू बाळंतीन हाय, घरी सोडा."

शिपायांनी त्याचं घर धुंडाळलं. एकच खोली राहिली. त्याची आई दारात आडवी उभी होती. "सोयर हाय. बाळंतिनीच्या खोलीत गडी यायचा न्हाई." म्हणून मला बोलावलं.

आत गेले. बाहेर कडक थंडी. बाजेवर सून, कुशीत पोर. शेगडी मात्र लांब, भिंतीशी.

"बाजेखाली का नाही?" मी विचारलं.

"धूर हुतोय," म्हातारी म्हणाली.

"निखाऱ्याला कुठला धूर, आजी?"

मी खाली वाकले. बाजेखाली गोणपाट होतं, वर लुगड्याच्या घड्या. हात लावला तर गार लोखंड.

सून रडायला लागली. "आत्या, सांगून टाका वो. त्येंना सोडतील तरी."

म्हातारी खाली बसली. "चिपाडं वाळवायला आमी लय बाया होतो. ही जाळी आली आन् मालक म्हनला, आता जळान लागत न्हाई, घरी बसा. जाळी गेली तर पुना बोलवंल, म्हनून नेली. टोपलीत, चिपाडाखाली घालून."

निघताना तिनं शेगडी स्वतः बाजेखाली सारली. पोराच्या टाळूवर हात ठेवला आणि माझ्यापुढे चालू लागली.

ठाण्यात लेकानं तिला बघितलं. सुजल्या तोंडानं त्यानं पहिलं हेच विचारलं, "आये, शेगडी सारली का?"

"सारली. जा घरला."

म्हणजे त्याला सगळं ठाऊक होतं. मी फौजदारांकडे बघितलं. त्यांनीही ऐकलं होतं. टोपी काढून डोकं खाजवत ते म्हणाले, "जा रे. पोराकडं बघ." आईला मात्र ठेवून घेतलं.

गज परत बसले. चुलाण चांगलं चाललं, लोक बघून गेले. बायकांना कुणी परत बोलावलं नाही.

चोर सापडला की तपास संपतो, असं आम्हाला शिकवलं होतं. नोकरीत पुढं खूप चोर बघितले. पण गुन्हा कुठून सुरू झाला, हे विचारायला ठाण्यात कुणाला वेळ नसतो. मलाही नव्हता. मी त्या दिवशी शेवटच्या एस.टी.नं साताऱ्याला परत आले. हात धुतले तरी त्या लोखंडाचा गारवा जाईना.