पाचनंतर घरी असतो

बाबा गेल्याची बातमी बाबांच्याच सहीने गेली.

आज वर्ष झालं.

बाबा म्हणजे कैनाडचे यशवंत मास्तर. रिटायर झाल्यावर चिकूची वाडी आणि इथल्या चिकूवाल्यांचा ईमेल ग्रुप, एवढंच त्यांचं जग. व्हॉट्सॲप नको म्हणायचे. "तिथे सगळे एकदम बोलतात, ऐकत कोणीच नाही."

सिग्नेचरवरून त्यांनी ग्रुपमधल्या लोकांना फार पिडलं. सुविचार नको, गुलाब नको, पदव्या नकोत. नाव, गाव आणि कधी भेटाल ते लिहा. बस.

अच्छाडला नर्सरी असलेल्या रमणभाईंच्या सहीत मोराचा फोटो, रोपांचे भाव आणि वर जय श्रीकृष्ण. बाबांनी सगळ्यांसमोर लिहिलं, "रमणभाई, निरोप एका ओळीचा आणि सही पानभर?"

रमणभाई रुसले. ग्रुपवर लिहिणंच सोडलं त्यांनी.

त्या सकाळी मी बाबांच्या कॉम्प्युटरवरूनच ग्रुपला कळवलं. "यशवंत मास्तर आज पहाटे गेले. दुपारी घरून नेणार आहोत."

माझं नाव टाकायचं सुचलंच नाही. खाली त्यांची सही आपोआप लागली.

यशवंत मास्तर
कैनाड
पाचनंतर घरी असतो. या.

लोकांना वाटलं, अकाउंट हॅक झालं. "सर, पासवर्ड बदला." एकाने तर हसणारा स्मायली टाकला. ग्रुपच्या ॲडमिनने बाबांच्या अकाउंटवरून लिहिणंच ब्लॉक केलं.

बाबांचा फोन हॉस्पिटलच्या पिशवीत बंद पडलेला.

गाव आलं, शाळेतली माणसं आली. आई मात्र सारखी विचारत होती, "ग्रुपमधलं कोणी आलं का गं?"

कोणीच नाही. ज्यांच्या झाडांवरच्या किडीसाठी बाबा जेवण अर्धं टाकून उठायचे, त्यांच्यातलं एकही नाही. तो राग अजून गेलेला नाही माझा.

दुसऱ्या दिवशी पाचनंतर दारात बाईक थांबली. रमणभाई.

"बेन, मास्तरसाहेब हाय ने घरी? त्यांचा ईमेल कोणीतरी हॅक केला. फोन पण लागत नाय. सहीत लिहिलंय ने, पाचनंतर घरी, म्हणून सांगायला आलो."

मग त्यांना ओटीवरचा हार घातलेला फोटो दिसला. ते तिथेच खाली बसले.

आईने विचारलं, "तुम्ही ग्रुपमधले ना?"

"हो, भाभी."

तेव्हा कुठे आई रडली.

त्या रात्री ग्रुपवर त्यांची मेल आली. मोर नाही, भाव नाहीत.

"मास्तरसाहेब खरंच गेले. मी घरी जाऊन आलो.
रमण, अच्छाड"

मग श्रद्धांजल्यांची रीघ लागली. सगळ्या मेलवर. घरी रमणभाईंशिवाय अजून कोणी आलेलं नाही. आई रोज पाचला ओटीवर येऊन बसते.

बाबा, डोळे भरून निरोप. या वेळी खाली नाव माझं टाकलंय.

अनघा
कैनाड
पाचनंतर आई घरी असते. या.